ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल घरी बदलताना

जालना–मंठा–जिंतूर रस्त्याला जिथे सेलूचा रस्ता मिळतो, तो देवगाव फाटा. कापसाचे टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगणाऱ्या मोटारींत आता क्लचचं पायडल नसलेल्या गाड्याही दिसतात. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. इंजिन ऑइल बदलणारा मिस्त्री गावोगाव आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाणणाऱ्यासाठी मात्र बहुधा परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. मग हे काम घरच्या अंगणात होईल का? होईल, पण आधी आपला गिअरबॉक्स ओळखायला हवा.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑइल चालतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, पट्टा-पुलीवर चालणाऱ्या सीव्हीटीला तिचं वेगळं ऑइल. सीव्हीटीत एटीएफ ओतलं, तर पोलादी पट्टा पुलीवर घसरून गिअरबॉक्सच निकामी होऊ शकतो. दोन क्लच असलेल्या डीसीटीच्या वाटेला घरी जाऊ नये. डबा विकत घेताना रंग पाहू नका. गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर शोधा.

एटीएफ नुसतं वंगण नाही. त्याच्याच दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात, इंजिनाची ताकद त्याच्यातूनच चाकांकडे जाते आणि गिअरबॉक्सची उष्णताही तेच वाहून नेतं. उष्णता हा त्याचा मोठा शत्रू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो. त्यात ट्रॉलीमागे रांगणं आणि फुफाटा. काही कंपन्या हे ऑइल आयुष्यभर पुरतं असं सांगतात. पण गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदलायला सांगते. इतर गिअरबॉक्स असणाऱ्यांनी आपल्या पुस्तिकेतला खडतर वापराचा रकाना पाहावा.

कामाला सपाट, टणक जागा हवी. आधी चाकांना दगड लावा, मग गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून पक्क्या घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणं जिवावर बेतू शकतं. ऑइल कोमट असावं, उकळतं नको. सगळ्यात आधी भरायचा बोल्ट सैल करून पाहा. तो गंजून बसला असेल आणि ऑइल काढायचा खालचा बोल्ट आधीच काढलेला असेल, तर गाडी जागेवरच अडकली.

निघालेलं ऑइल खुणा असलेल्या भांड्यात घ्या आणि थंड झाल्यावर मोजा. बोल्टच्या किंवा चेंबरच्या चुंबकावर बारीक करडा लेप असणं स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे किंवा करपल्याचा वास असेल तर थांबा, जाणकाराला दाखवा. नवा वॉशर लावून बोल्ट बेताने आवळा. जेवढं निघालं तेवढंच नवं भरा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच जुनं ऑइल राहतं. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं बदलतं. म्हणून काही दिवस गाडी चालवून हेच पुन्हा करणारेही आहेत.

यानंतर इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खाचेत थोडा वेळ ठेवा. पातळी पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच तपासा. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गाड्यांत ते ४० अंशांच्या आसपास असतं आणि स्कॅनरवर दिसतं. ऑइल कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो. दोन्हींत क्लच घसरतात. तापमान मोजायची सोय नसेल, तर हे काम गॅरेजवाल्यालाच करू द्या.

राहिलं जळकं ऑइल. ते नांगराला फासायची, बांधावर ओतायची सवय जुनी आहे. पण २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात खोल भेगाळते. वर ओतलेलं ऑइल त्या भेगांतून विहिरीच्या पाण्यापर्यंत झिरपू शकतं. ते बंद कॅनमध्ये भरून, जळकं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजात द्या. गाडीचं पुस्तक वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका आणि काढलेल्या ऑइलचा एक थेंबही शेतात सांडू देऊ नका.