बटण बंद, वीज शिल्लक

कोथरूडमधील वनाज ते गरवारे महाविद्यालय हा पुणे मेट्रोचा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. गाडी सुटताना उभ्या प्रवाशाला फारसा हिसका बसत नाही. याचे कारण मोटरला वीज देण्याच्या पद्धतीत आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. रोहित्र त्याचा दाब उतरवते, नंतर त्याचे दिष्ट प्रवाहात रूपांतर होते आणि त्यापासून हव्या त्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह पुन्हा तयार केला जातो. वारंवारता हळूहळू वाढवली की मोटरचा वेगही हळूहळू वाढतो. मोटरवर असे नियंत्रण ठेवणाऱ्या उपकरणाला ड्राइव्ह म्हणतात. कारखान्यातील पंप आणि नव्या इमारतींतील अनेक लिफ्ट यांनाही तो असतो.

आकडेमोडीसाठी कारखान्यातील ४१५ व्होल्टचा ड्राइव्ह घेऊ. दिष्ट केल्यावर दाब ४१५ × १.४१४ म्हणजे सुमारे ५८७ व्होल्ट होतो. तो स्थिर राखण्यासाठी मध्ये मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, बसवलेले असते. समजा त्याची धारिता १००० मायक्रोफॅरड आहे.

रिकामे धारित्र पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखे वागते. मार्गातील रोध अर्धा ओहम असेल, तर प्रवाह हजार अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. म्हणून आधी ५० ओहमच्या रोधकातून वीज सोडतात. मग प्रवाह १२ अँपिअरच्या आत राहतो आणि सुमारे पाव सेकंदात धारित्र भरते. त्यानंतर मुख्य काँटॅक्टर जुळतो, रोधक बाजूला पडतो आणि शेवटी मोटरला चालण्याचा आदेश मिळतो. हा क्रम मोडता येत नाही. ड्राइव्ह वारंवार बंद-चालू केला, तर हाच रोधक तापून जळतो.

आता वीज बंद करू. धारित्रात ½CV² या सूत्राने सुमारे १७२ ज्यूल ऊर्जा शिल्लक असते. एक किलोचे वजन साडेसतरा मीटरवरून पडताना एवढीच ऊर्जा मिळते. ती माणसाचा जीव घेऊ शकते. धारित्र रिकामे करायला ५० किलोओहमचा रोधक असेल, तर दाब ५० व्होल्टपर्यंत उतरायला दोन मिनिटे लागतात. तो रोधकच तुटला असेल, तर किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

म्हणून दुरुस्तीलाही क्रम आहे. पडद्यावरील बिघाडाचा संकेत आधी लिहून घ्यावा. मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे आणि पाटी अडकवावी. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबावे. योग्य क्षमतेचा मीटर चालू वीज असलेल्या जागी तपासून घ्यावा, मग धारित्राच्या धन व ऋण टोकांमधील आणि वीज येण्या-जाण्याच्या सर्व टोकांवरील दाब मोजावा आणि मीटर पुन्हा पहिल्या जागी तपासावा. मधेच मीटर बिघडला, तर तोही शून्यच दाखवील! फ्यूज उडाला असल्यास नुसता बदलून वीज सोडू नये; आतील डायोड व ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले आहेत का ते थंड अवस्थेतच पाहावे.

वर्गात हे ९ व्होल्टच्या बॅटरीवर दाखवता येते. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे धारित्र ध्रुव सांभाळून १ किलोओहमच्या रोधकातून पाच-सहा सेकंद भरा. बॅटरी काढून त्याच रोधकासह त्यावर लाल एलईडी जोडा. प्रकाश मंदावत दिसेनासा होईल. तेव्हा मल्टिमीटरने दाब मोजा. तो शून्य नसेल, दीड व्होल्टच्या आसपास असेल. दिवा विझला म्हणजे वीज संपली असे नाही, हे विद्यार्थी स्वतः पाहतील. उद्या त्यांच्यापैकी कोणी आयटीआयमध्ये गेला, तर ड्राइव्हचे झाकण उघडण्यापूर्वी हे दीड व्होल्ट त्याला आठवावेत.