प्रिंटरची शाई आणि प्लॅस्टिक : लवचिक वेष्टनाचा एक विचार

प्रस्तावना

परीक्षांच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयात सर्वात जास्त राबतो तो प्रिंटर. प्रश्नपत्रिका, हॉल तिकिटे, गुणपत्रके सारे त्यातूनच बाहेर पडते. शाई संपली की कार्ट्रिज बदलायचे आणि रिकामे कार्ट्रिज कपाटामागच्या खोक्यात टाकायचे, ही आपली पद्धत. ते खोके भरल्यावर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी ठरवलेले नसते. आपण पैसे मोजतो शाईचे आणि हातात उरते प्लॅस्टिक. हे प्लॅस्टिक शाईबरोबर का येते आणि मऊ पिशवीसारख्या लवचिक वेष्टनाने ते कितपत कमी होऊ शकते, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

कार्ट्रिज ही नुसती बाटली नव्हे

इंकजेट प्रिंटरमधील शाईची छिद्रे केसापेक्षाही बारीक असतात. शाईवर थोडा जरी जास्त दाब आला तरी ती छिद्रांतून गळते. उलट ती मागे जोराने ओढली गेली तर छिद्रांतून हवा आत शिरते आणि छपाई तुटक होते. म्हणून शाई नेहमी वातावरणाच्या दाबापेक्षा किंचित कमी दाबाखाली ठेवावी लागते. अनेक कार्ट्रिजांमध्ये हे काम आतला स्पंज करतो. केशाकर्षणाने तो शाई धरून ठेवतो, पण शेवटची शाई काही सोडत नाही. काही कार्ट्रिजांत तर छपाईचे शीर्ष, म्हणजे प्रिंट हेडही जोडलेले असते आणि प्रत्येक वेळी ते शाईबरोबरच टाकून द्यावे लागते. थोडक्यात, काही मिलिलिटर शाईसाठी जाड भिंती, झाकण, स्पंज आणि विद्युतजोड असा सगळा संसार आपण विकत घेतो.

बाजारातील लहान काळ्या कार्ट्रिजची छपाईक्षमता १२० पानांच्या आसपास असते. याउलट, २०१० साली एप्सन कंपनीने इंडोनेशियात टाकीचे प्रिंटर आणले. त्या प्रकारच्या यंत्रांसाठी मिळणाऱ्या ७० मिलिलिटरच्या काळ्या शाईच्या बाटलीतून सुमारे ४,००० पाने निघतात असे कंपनी सांगते. भागाकार केला तर एका बाटलीबरोबर तेहतीस लहान कार्ट्रिज येतात! आता ही बाटलीसुद्धा कडक प्लॅस्टिकचीच आहे. तरीही एवढी बचत झाली, कारण टाकी आणि शीर्ष कायमचे यंत्रातच राहिले. वेष्टनाचा विचार करताना हा मुद्दा विसरून चालणार नाही. केवळ जाड प्लॅस्टिकच्या जागी पातळ प्लॅस्टिक आणून भागत नाही, यंत्राची रचनाही बदलावी लागते.

सलाईनच्या पिशवीचे उदाहरण

लवचिक वेष्टनाचे तत्त्व विद्यार्थ्यांना सलाईनवरून चटकन समजावता येते. सलाईनची काचेची बाटली असेल तर हवा आत जाण्यासाठी वेगळी सुई टोचावी लागते, नाहीतर आत निर्वात जागा तयार होऊन थेंब थांबतात. प्लॅस्टिकच्या पिशवीला अशी सुई लागत नाही. द्रव बाहेर पडतो तशी पिशवी बाहेरच्या हवेच्या दाबाने आपोआप चपटी होत जाते.

शाईच्या पिशवीत हेच घडते. हवा आत येत नाही, त्यामुळे शाई सुकत नाही आणि तिच्यात बुडबुडेही कमी होतात. पिशवी शीर्षापेक्षा थोडी खाली ठेवली तर उंचीतील फरकामुळेच हवा तेवढा कमी दाब मिळतो, स्पंजाची गरज उरत नाही.

ही कल्पना जुनी आहे. बॅटरीचे आम्ल नेण्यासाठी विल्यम शोले यांनी अमेरिकेत १९५५ साली खोक्यातील पिशवी तयार केली. कार्यालयीन छपाईत एप्सनने वर्कफोर्स प्रो मालिकेतील काही यंत्रांत मोठे शाई-पाऊच वापरले. एका संचावर पन्नास हजारांहून अधिक पाने निघावीत, असा त्यामागे हिशेब. २०२१ मध्ये एचपीने फलकछपाईच्या लेटेक्स ७०० व ८०० यंत्रांसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यातील शाईपिशवी आणली. पुठ्ठा आकार सांभाळतो, प्लॅस्टिकला फक्त शाई धरून ठेवावी लागते.

पातळ थरांची अडचण

येथपर्यंत सर्व सोपे वाटते, पण पिशवीचे प्लॅस्टिक साधे नसते. आतला थर पॉलिइथिलीनचा, कारण तो उष्णतेने जोडला जातो. त्यावर मजबुतीसाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि बऱ्याचदा हवा व बाष्प अडवण्यासाठी ॲल्युमिनियमचा पापुद्रा. हे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने वेगळे करणे जवळपास अशक्य असते. वजनाने हलक्या आणि शाईने माखलेल्या अशा पिशवीला भंगारवाला हात लावत नाही. कडक प्लॅस्टिकला निदान भाव तरी येतो.

आपल्या देशाच्या नियमांतही हा फरक दिसतो. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२२ साली उत्पादकांच्या जबाबदारीची जी तत्त्वे जोडली गेली, त्यांत २०२४-२५ साठी कडक वेष्टनाच्या पुनर्चक्रीकरणाचे किमान प्रमाण ५० टक्के, तर लवचिक आणि बहुस्तरीय वेष्टनाचे ३० टक्के ठरवले गेले. कार्ट्रिजची गणना मात्र ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर होते.

मग पिशवी चांगली की वाईट? माझ्या मते, एका पिशवीमुळे कित्येक कार्ट्रिज वाचत असतील तर ती पुनर्चक्रित न होताही पत्करावी. मात्र लहान कार्ट्रिजएवढीच शाई केवळ चकचकीत पाऊचमध्ये घालून ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून विकली जात असेल, तर त्यात फारसा अर्थ नाही. एकाच जातीच्या प्लॅस्टिकची पिशवी, तीवर हवा अडवणारा अगदी सूक्ष्म लेप, हा मार्ग अधिक आशादायक वाटतो.

वर्गासाठी एक उपक्रम

पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांनी कार्यालयातील रिकामी कार्ट्रिज, बाटल्या किंवा पाऊच प्रयोगशाळेतील तराजूवर तोलावेत. भांड्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेली पानसंख्या घ्यावी. इंकजेटसाठी ती बहुधा आयएसओ २४७११ या मानकानुसार मोजलेली असते. मग दर हजार पानांमागे किती ग्रॅम प्लॅस्टिक पडले ते काढावे. बाहेरचे खोके आणि आतले वेष्टन वेगळे मोजावे, नाहीतर तुलना फसते. स्पंजातली शाई नीट निथळत नाही, म्हणून हातमोजे घालावेत. तक्त्यात शेवटी आणखी एक रकाना ठेवावा : रिकामे भांडे कोठे गेले? तो भरण्यासाठी विद्यार्थ्यांना कार्यालयातील शिपायाकडे आणि गल्लीतल्या भंगारवाल्याकडे जाऊन विचारावे लागेल.