बफर वाढवला आणि सर्व्हर पडला, आता बघायचं कुठे?

पीएच.डी.त एक दिवस येतोच: डेटा वाढतो, क्वेरी रांगायला लागते आणि कुणीतरी सांगतं, "बफर पूलला रॅमच्या 80 टक्के देऊन टाक." मीही ऐकलं. नांदेड-लातूरच्या तालुकावार पावसाच्या नोंदी मायएसक्यूएलमध्ये, मशीन 16 जीबीचं. बफर पूल मूळच्या 128 एमबीवरून थेट 12 जीबी केला. सर्व्हर नीट सुरू झाला, क्वेरी पळायला लागली. रात्री पायथनची स्क्रिप्ट लावून झोपलो. सकाळी बघतो तर सर्व्हरशी संपर्क तुटलेला, काम अर्धवट.

झालं काय? बफर पूल म्हणजे डिस्कवरचा डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा. लिनक्स ही जागा मागताक्षणी देत नाही, नुसती कबूल करतं. वापर होईल तशी देतं. टाकी एक आणि नळजोडण्या वाटत सुटावं, तसं. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की टाकी कोरडी. म्हणून चूक दुपारी होते आणि सर्व्हर रात्री पडतो. मेमरी संपली की कर्नलचा 'ओओएम किलर' साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी अडवणाऱ्या प्रोसेसला मारतो. इथे ती मायएसक्यूएल होती.

आता शोध. आधी मायएसक्यूएलचा एरर लॉग उघडा. सर्व्हर सुरूच होत नसेल, तर कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. पण चालता चालता पडला आणि लॉगमध्ये बंद झाल्याची ओळच नसेल, तर कर्नलचा लॉग बघा. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं की गुन्हेगार सापडला.

80 टक्क्यांचा सल्ला फक्त डेटाबेससाठी राखून ठेवलेल्या मशीनचा आहे. आपल्या मशीनवर सगळंच चालतं. म्हणून बेरीज करा: सिस्टिमला 2 जीबी, पायथनला 6, बफर पूलला 6, उरलेले 2 प्रत्येक कनेक्शनच्या स्वतंत्र बफरसाठी आणि अडीअडचणीला. माझं मशीन या हिशेबावर टिकलं.

घाबरून लॉगच्या फाइली मात्र उडवू नका. इनोडीबी रिडू लॉगवरूनच कमिट झालेल्या नोंदी परत उभ्या करतं. कमिट न झालेलं मागे घेतं. सर्व्हर उठल्यावर ओळी मोजा, नाहीतर अर्धवट टेबलावरच प्रबंधाचा आलेख काढाल.

आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. तारीख, जुनी किंमत, नवी किंमत वहीत लिहा. मी लिहिली नव्हती, म्हणून शोधायला दोन दिवस गेले.