प्रस्थानाच्या दिवशी दिंडीची वीज

पहाटे ४. काकड्याचे टाळ कानावर येतात तेव्हा मी ट्रकच्या फळीवर बॅटरी मोजत असतो. मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो, रात्र निभावली. आज ज्येष्ठ वद्य सप्तमी, देहूतून तुकोबारायांच्या पालखीचं प्रस्थान. आमच्या दिंडीचा ट्रक इंद्रायणीकडच्या रानात उभा आहे. उद्या आकुर्डी, मग पुणे, असं करत पंढरपूरपर्यंत उजेड याच ट्रकातून पुरवायचा.

५.३०. एक नवा टाळकरी अंघोळीच्या पाण्यासाठी कॉइल घेऊन आला. "माउली, ही लावू नका," म्हणालो आणि हिशेब सांगितला. बॅटरी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची, म्हणजे १८०० वॅट-अवर. टिकवायची तर निम्मीच वापरायची, ९००. दीड हजार वॅटची कॉइल अर्ध्या तासात ७५० खाते. मुकाट्यानं तो चुलीवरच्या हंड्याकडे गेला.

८. जनरेटर सुरू. तो ट्रकापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवतो; त्याचा धूर झोपायच्या जागेत शिरला तर माणूस झोपेतच जातो. मिक्सर, पाण्याची मोटर, बॅटरीचं चार्जिंग याच वेळात उरकायचं, पण एकेक करून. मोटर सुरू होताना एरवीच्या कितीतरी पट ओढते.

१०. फोन. साठ स्मार्टफोन म्हणजे जवळजवळ अख्खी वापरायची बॅटरी, म्हणून तेही जनरेटरवरच. पहिला मान आजींच्या साध्या फोनांचा. चार वॅट-अवरमध्ये तो भरतो, आणि गावाकडची नातवंडं त्याच फोनची वाट बघत असतात.

दुपार. सगळं बंद करून देवळाकडे. पादुका पालखीत निघाल्या तेव्हा डोळे भरून आले, दरवर्षी येतात.

५. पाऊस. आता माझं खरं काम. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातचा एक जोड ओल्या गवतावर राहिला होता. अनवाणी आलेल्या पोराचा पाय त्यावर पडला आणि ३० मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच क्षणात पडला, म्हणून पोर वाचलं. त्या दिवसापासून जोड जमिनीवर ठेवत नाही. वायर बांबूवरून, डोक्याच्या वर, बोर्ड ताडपत्रीखाली, अर्थिंगची सळई ओल्या मातीत ठोकलेली. ट्रिप स्विचचं टेस्ट बटण रोज संध्याकाळी दाबतो. आज खटकन पडला. मग तारांवरून हात फिरवत, टॉर्च घेऊन पुन्हा एक फेरी मारली, कारण टेप पावसात सुटते.

८. पालखी देहूतल्याच इनामदार वाड्यात विसावली आहे. आमच्या तंबूत कीर्तन: नऊ वॅटचे दहा दिवे आणि छोटा अँप्लिफायर. बुवांनी आवाज थोडा वाढवायला सांगितला, मी वाढवला. इथं कंजुषी करवत नाही.

११. दिवे एकेक मालवतो. वीणेजवळचा एक ठेवतो. बायकांच्या शौचालयाच्या वाटेवरचा दुसरा पहाटेपर्यंत जळतो, बॅटरी कितीही उतरली तरी. मीटर १२.३ वर आहे.