भर दुपारची रात्र

न्यूयॉर्कमध्ये दुपारचे बारा वाजले होते आणि मी झोपायच्या तयारीत होते. बाहेर मे महिन्याचं लख्ख ऊन, खिडकीपलीकडे केनेडी विमानतळ. मनगटावरचं घड्याळ मी अजून बदललं नव्हतं. त्यात मुंबईचे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आणि माझं शरीर न्यूयॉर्कच्या सूर्याला जुमानत नव्हतं, त्या घड्याळाचंच ऐकत होतं.

सकाळी आठला उतरले होते. पुढचं विमान संध्याकाळी सातला. अमेरिकेत पुढचं विमान पकडायचं असलं तरी इमिग्रेशन आणि कस्टम्स पहिल्याच विमानतळावर उरकावं लागतं, म्हणजे टर्मिनलच्या बाहेर तर आपण आलेलोच असतो. बॅगा पुढच्या विमानासाठी सोपवल्या, विमानतळाच्या आवारात फुकट फिरणारी एअरट्रेन पकडली आणि टर्मिनल ५ ला उतरले. तिथून टीडब्ल्यूए हॉटेल पायी गाठता येतं. दिवसा काही तासांपुरतीही तिथे खोली मिळते.

आत पाऊल टाकलं आणि थकवा क्षणभर विसरून मी वर बघत राहिले. काँक्रीट असं वळू शकतं? छताच्या चार मोठ्या पाकळ्या चार खांबांवर पेललेल्या, पाकळ्यांच्या मधल्या फटींत काच, आणि त्या काचेतून खाली झिरपणारा उजेड. सरळ रेषा शोधून सापडत नाही. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं, तेही सांगता येत नाही. ईरो सारिनेन या वास्तुरचनाकाराने ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्ससाठी, म्हणजेच टीडब्ल्यूएसाठी, हे टर्मिनल रचलं. ते १९६२ मध्ये खुलं झालं, पण ते बघायला सारिनेन नव्हता. आदल्याच वर्षी, वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला होता.

त्याने हे टर्मिनल पंख्यांच्या विमानांच्या काळात कल्पिलं होतं. ते उभं राहीपर्यंत जेट आली, विमानं मोठी झाली, प्रवासी वाढले आणि ही देखणी वास्तू अपुरी पडू लागली. १९९४ मध्ये शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. २००१ मध्ये कंपनीही संपली आणि दारं बंद झाली. तब्बल अठरा वर्षांनी, २०१९ च्या मे महिन्यात, ती हॉटेल म्हणून पुन्हा उघडली. जुन्या टर्मिनलची लॉबी झाली आणि तिच्या मागे दोन बाजूंना मिळून ५१२ खोल्यांच्या दोन इमारती उभ्या राहिल्या. ज्या लाल गालिच्याच्या बोगद्यांतून कधीकाळी प्रवासी विमानाकडे जायचे, त्यांतूनच आता पाहुणे आपापल्या खोलीकडे जातात.

खोलीत आले, दार लावलं, आणि खरं आश्चर्य तिथे वाट बघत होतं. समोर एक विमान उठलं. चाकं जमिनीवरून सुटताना दिसली, पण आवाज आला नाही. आवाज बंद करून चित्रपट बघावा, तसं ते अख्खं विमान आभाळात चढून गेलं.

या शांततेचं मोठं श्रेय खिडकीच्या काचेला आहे. सात थरांची ही काच सुमारे साडेचार इंच जाड आहे. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती काचेवर आदळते, काच हलते, आणि हललेली काच पलीकडची हवा हलवते. काच जितकी जड, तितकी हलवायला अवघड. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीआड रस्त्यावरचा ढोल दबका होतो, त्याचं कारणही हेच. पण नुसत्या वजनावर भागत नाही. वजन दुप्पट केलं तर आवाज साधारण सहा डेसिबलनेच उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे दहा डेसिबलची घट लागते. वजन दुप्पट, चौपट, आठपट करत गेलं तर खिडकी पेलणार कशी?

म्हणून अशा खिडक्यांत वेगळ्या युक्त्या वापरतात. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ, लवचीक थर चिकटवतात. काच थरथरली की तो ताणला-दाबला जातो आणि थरथरीतली ऊर्जा उष्णता होऊन विरते. काही थरांच्या मध्ये हवेची पोकळी ठेवतात, म्हणजे बाहेरच्या काचेची थरथर आतल्या काचेपर्यंत थेट पोचत नाही. शिवाय प्रत्येक जाडीच्या काचेचा एक हळवा सूर असतो, त्या सुरातला आवाज ती जास्त सहज आत सोडते. शेजारची काच वेगळ्या जाडीची घेतली, तर एकीने सोडलेला सूर दुसरी अडवते. हे सगळं साधूनही बोटभर फट राहिली तरी आवाज तिथून आत येणार. म्हणून अशी खिडकी उघडत नाही, आणि श्वासासाठी लागणारी हवा यंत्रांनी आत आणावी लागते. या हॉटेलने आपल्यापुरतं वीजनिर्मिती केंद्रही उभारलं आहे. वीज तयार होताना जी उष्णता एरवी वाया जाते, तीही तिथे कामी लावतात.

पण दुपारी बारा वाजता झोपू पाहणाऱ्या माणसासाठी एवढा खटाटोप कशाला? उत्तर शरीरात आहे.

लांबच्या विमानप्रवासात आपण नुसते बसून असतो, तरी अंग आंबून जातं. केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. म्हणजे पंधरा-सोळा तास आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो, आणि तेही वाळवंटासारख्या कोरड्या हवेत.

त्यात घड्याळाचा घोळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस हे त्याचं नाव. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेला हा पुंजका साऱ्या शरीराचं घड्याळ चालवतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवण्याचं नाही, बाहेर किती उजेड आहे हे या घड्याळाला कळवण्याचं आहे. निळसर उजेडाला त्या विशेष दाद देतात. म्हणून हॉटेलच्या खोलीत जाड, उजेड पार अडवणारे पडदे लागतात. मी ते ओढले आणि भर दुपारी रात्र झाली.

ऊन पाण्याने अंघोळ केली, तिचाही उपयोग होतो. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त धावतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. ते उतरणं हीच झोपेची चाहूल. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१९ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात दिसलं, की झोपण्याआधी एक-दोन तास ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते.

तरीही एक अडथळा उरतोच, आणि मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो हाच. आजी म्हणायची, जागा बदलली की पहिली रात्र अशीच जायची. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पहिली रात्र मोजून पाहिली. अनोळखी जागी झोपलेल्यांच्या मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नव्हता. उजव्या कानात, म्हणजे डाव्या अर्धगोलाला आधी कळेल असा, एखादा वेगळाच आवाज ऐकवला की माणसं लवकर जागी होत. काही दिवसांनी तीच माणसं त्याच जागी पुन्हा झोपली, तेव्हा दोन्ही बाजूंतला हा फरक उरला नव्हता. डॉल्फिन मेंदूची एक बाजू जागी ठेवून झोपतात. आपल्यातही त्याचा पुसटसा अंश आहे. सुगीत शेतावर कुणीतरी जागल करतं, तशी पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू जागल करत असते.

आता लेओव्हरच्या, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या वेळेपुरत्या, पाहुण्याचा विचार करा. त्याच्या वाट्याला येते ती पहिलीच रात्र. दुसरी कधी उजाडतच नाही. घरी ओळखीमुळे जो भरवसा वर्षानुवर्षांत साठतो, तो इथे काही मिनिटांत उभा करायचा असतो. मेंदूतला तो जागल्या दचकतो वेगळ्या, अनपेक्षित आवाजाने. म्हणून साडेचार इंचांची काच. म्हणून सगळीकडच्या हॉटेलांत ओळखीची वाटणारी ती पांढरी चादर, पलंगाशेजारी हाताला लागणारं दिव्याचं बटण, रात्रभर एकाच पट्टीत चालणारी हवेची मंद घरघर. एरवी मला हॉटेलांचा हा एकसारखेपणा नीरस वाटायचा. आता त्यात मला दया दिसते. अनोळखी माणसाच्या मेंदूला कुणीतरी सांगत असतं, तू इथे येऊन गेला आहेस, झोप.

मीही माझ्या बाजूने एक गोष्ट केली. हातातल्या पिशवीत घरच्या उशीचा धुवट अभ्रा होता, तो हॉटेलच्या उशीला चढवला. गालाला ओळखीचं सूत लागलं. पुढचं मला आठवत नाही.

साडेतीनला गजर झाला. पडदा उघडला तर समोर आणखी एक विमान आवाज न करता उठत होतं. मी आवरून बाहेर उन्हात जाऊन बसले. मुंबईत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि शरीराच्या रात्रीच्या या पूर्वार्धात डोळ्यांवर पडलेला उजेड आतलं घड्याळ मागे ढकलतो. पश्चिमेकडे निघालेल्याला तेच हवं असतं. वीस हजार पेशी रोज तासाभराच्याच आसपास सरकतात, त्यांना आठवडाभर तरी लागणार होता. त्यांनी सुरुवात केली असावी, अशा भरवशाने मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटे साडेनऊ तास मागे फिरवले.