आईच्या जागी उभ्या राहिलेल्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पुण्यात थोरांच्या मातांविषयी बोलायचे म्हटले की पहिले नाव जिजाऊंचे येते, आणि ते रास्तच आहे. शहाजीराजे दूर कर्नाटकात असताना उजाड पडलेल्या पुण्यात त्यांनी वस्ती पुन्हा बसवली, मुलाला घडवले आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक पाहून अवघ्या अकरा दिवसांनी डोळे मिटले. हे चित्र आपल्या मनावर इतके ठसले आहे की, प्रत्येक मोठ्या माणसामागे त्याची जन्मदाती असणारच, असे आपण धरून चालतो.

एकोणिसाव्या शतकातल्या पुढाऱ्यांची चरित्रे वाचताना मात्र वेगळेच दिसते. यांतल्या कितीतरी जणांना आई लहानपणीच अंतरली होती.

महात्मा फुले यांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई गेल्या तेव्हा जोतीराव जेमतेम वर्षाचे होते. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीने. त्या बालविधवा होत्या. एका मिशनऱ्याकडे मुले सांभाळण्याचे काम करीत. शिक्षणाने माणूस कसा बदलतो हे त्यांनी तिथे पाहिले आणि जोतीरावांनी शिकावे असा ध्यास घेतला. पुढे जोतीराव सावित्रीबाईंना शिकवू लागले, तेव्हा सगुणाबाईही शिकायला बसल्या. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, त्यामागे या बाईंचेही बळ होते.

लोकमान्य टिळकांचे कुटुंब १८६६ मध्ये रत्नागिरीहून पुण्याला आले. थोड्याच काळात आई पार्वतीबाई गेल्या. १८७२ मध्ये वडीलही गेले. सोळा वर्षांच्या बाळला काका गोविंदराव आणि काकूंनी आपलाच मुलगा मानून सांभाळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यात वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे. त्यांना मायेने जवळ घेतले ते मीराबाई आत्यांनी.

गोपाळ कृष्ण गोखले यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचे पितृछत्र १८७९ मध्ये हरपले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये गोपाळला पाठवले. मॅट्रिकनंतर आपणही नोकरी करावी असे गोपाळच्या मनात आले, तेव्हा कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने काढून दिले. त्या काळी बाईच्या मालकीचे असे काय असे? स्त्रीधन तेवढे. तेच तिने दिराच्या पुस्तकांसाठी मोडू दिले. त्याच दिराने १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला.

असे का घडत होते, हेही पाहायला हवे. बाळंतपण, पटकी, देवी, प्लेग यांनी घरातली तरणी माणसे पटापट जात. पोरक्या मुलाला एकत्र कुटुंब सावरून घेई, पण तो भार बहुधा काकू, आत्या, वहिनीवर किंवा आश्रयाला आलेल्या विधवेवर पडे. तिच्या कष्टांना मोल नसे आणि ती ‘आई’ही म्हणवली जात नसे. म्हणूनच शाळेत आपण चिमणाबाईंचे नाव पाठ करतो. सगुणाबाईंचे नाव विचारले तर अडखळतो.

मायेची ही रीत फुल्यांच्या घरात पुढेही चालली. १८७४ मध्ये एका विधवेचे मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ ससाणे माळावर तो रुग्णांवर उपचार करी आणि सावित्रीबाई रुग्णांना तिथे आणीत. त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्चला त्यांचा अंत झाला.

थोरांच्या मातांना वंदन करताना या सगळ्यांची नावेही घेऊ या. मूल जन्माला घालणारी एक असते. पण त्याला माणूस करायला कधी कधी घरातली दुसरीच कोणी उभी राहते.