खातं तुझं, पैसा कुणाचा?

‘तुझं एखादं एक्स्ट्रा सेव्हिंग खातं आहे का रे? महिनाभर वापरायला हवंय. दहा हजार मिळतील.’

आमच्या होस्टेलवर हे कुणा अनोळखी माणसाने विचारलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या एका सीनिअर दादाने विचारलं होतं, तेही मेसच्या रांगेत, ताट हातात धरून. कारणही ऐकायला बरं होतं. त्याच्या ओळखीतल्या कुणाचा तरी ऑनलाइन गेमिंगचा धंदा आहे, व्यवहार खूप होतात, एका खात्याची लिमिट पुरत नाही, वगैरे वगैरे. माझ्या रूममेटचं मेसचं बिल दोन महिने थकलेलं. त्याने नवीन खातं उघडलं आणि पासबुक, एटीएम कार्ड, त्या खात्याला जोडलेलं नवं सिमकार्ड असं सगळं एका पाकिटात घालून देऊन टाकलं. ठरले होते दहा, हातात आले चार.

पाचव्या आठवड्यात खातं गोठवलं गेलं. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आली ती होस्टेलवर नाही, तर आधारवरच्या पत्त्यावर. म्हणजे गावी, बाबांच्या हातात.

या प्रकाराला पोलिस आणि बँकवाले ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. समजा, एखाद्या निवृत्त काकांना ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून त्यांची एफडी मोडायला लावली. (आपल्या कायद्यात असली कुठली अटक नाहीच. ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. तरी लोक फसतात, कारण समोर व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसते.) ते पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. ते आधी एका भाड्याच्या खात्यात येतात, काही मिनिटांत तुकडे होऊन आणखी पाच-दहा खात्यांत पांगतात, मग कुठे एटीएममधून निघतात, कुठे त्यांची क्रिप्टो होते. पोलिस माग काढत येतात तेव्हा प्रत्येक कडीवर एकच नाव सापडतं, खातेदाराचं. केवायसी त्याचं, फोटो त्याचा, सही त्याची. चोराचं नाव कुठेच नाही. चार हजारांत आमच्या मित्राने खातं दिलं असं त्याला वाटत होतं. खरं तर त्याने नाव विकलं होतं.

‘पण मी कुठे कुणाला फसवलं?’ हे तो आम्हाला दिवसातून चार वेळा विचारायचा. कायद्याला हा प्रश्न विचारून फारसा उपयोग नसतो. कार्ड, पिन आणि सिम स्वतःच्या हाताने दिलं होतं, त्याचे पैसे घेतले होते. आता माहीत नव्हतं हे त्यालाच पटवून द्यावं लागणार. तपासात सहभाग दिसला तर फसवणुकीची कलमं लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या एकट्या ६६ डी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आणि यात एक गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात येते. नवीन खात्याचा फॉर्म भरताना आधार जोडणीच्या चौकटीत त्याने न वाचता टिक केली होती. शिष्यवृत्तीची वाट त्या खात्याकडे वळली. पैसे आले, पण गोठलेल्या खात्यात. वर्षाची फी समोर दिसतेय आणि काढता येत नाही.

‘कोण पकडतंय’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. मेस, रिचार्ज आणि चहाचे व्यवहार असलेल्या खात्यात अचानक लाखभर रुपये येऊन दहा मिनिटांत निघून गेले की ते बँकेच्या यंत्रणेला दिसतं. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर डॉट एआय’ नावाची प्रणालीच बनवली आहे.

प्रत्येक वेळी सीनिअर दादाच येईल असं नाही. टेलिग्रामवर ‘पेमेंट प्रोसेसिंग इंटर्नशिप’ येते. तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवा, उरलेले पुढे पाठवा. हे तेच खेचर, फक्त सर्टिफिकेटसकट! लाइक-रिव्ह्यूच्या टास्कमध्ये सुरुवातीला जे शे-दीडशे रुपये खरोखर मिळतात, तेही बहुतेक अशाच कुणाच्या तरी खात्यातून आलेले असतात.

एखाद्याने खातं आधीच देऊन टाकलं असेल तर? पहिली चूक सगळे एकच करतात, घाबरून चॅट डिलीट करतात. अजिबात करू नका. तुमच्या बाजूने बोलणारं तेवढंच काय ते असतं. स्क्रीनशॉट काढा, बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या, कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा, अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. ते सिम ब्लॉक करा. ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, तेही बघून घ्या. मग जवळचं सायबर पोलिस ठाणं, नोटीस यायची वाट न बघता. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, पात्र असाल तर तिथे मोफत मदत मिळते. स्वतःचेच पैसे गेले असतील तर लगेच १९३०ला फोन. पैसे पांगायच्या आत अडवायचे असतात, त्यामुळे उद्या सकाळी बघू म्हणून चालत नाही. आणि घरी सांगा. आमच्या मित्राने सांगितलं नाही, म्हणून बाबांना ते पोस्टमनकडून कळलं.

त्याचं खातं अजून मोकळं झालेलं नाही. जबाबासाठी तो एकदा बाबांबरोबर तिकडे जाऊन आला. रेल्वेचं भाडं, लॉज, दोन दिवसांची बाबांची बुडालेली मजुरी, सगळं मिळून चार हजारांच्या पुढे गेलं.

गेल्या आठवड्यात होस्टेलच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज पडला, ‘सेव्हिंग अकाउंट हवंय, चांगलं कमिशन, डीएम करा.’ त्याने खाली आपल्या नोटिशीचा फोटो टाकला, नाव-पत्ता झाकून. दहा मिनिटांत मेसेज टाकणारा ग्रुपमधून बाहेर पडला. तोवर किती जणांनी डीएम केलं होतं, कुणी सांगत नाही.